समेच्या अलीकडे

साडेनऊला खडे बाजारची शटरं पडायला लागतात
आणि मी ग्लेंडाला म्हणते, चल,
बाबांची शनिवारची वाट चालूया.

दिवसा ते लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे,
लाल कोट, खांद्यावर पितळी झुंबर,
कोनवाळ गल्लीतून घोड्याच्या शेपटामागे.
रात्री तोच माणूस काळ्या कोटात कॅम्पाकडे निघायचा.
सायकलच्या कॅरियरला सॅक्सोफोन, वर गोणपाट,
म्हणजे गल्लीला वाटावं, भाजी आहे.
गल्लीला सगळं माहीत होतं.

फिश मार्केटच्या कोपऱ्यावर ग्लेंडा थांबते.
पपा इथे ड्रमचे स्क्रू आवळायचे,
मग एक घोट, मग छातीवर क्रूस.
ह्याच क्रमाने, ती म्हणते.

समोर हॉल होता.
आता टायरचं दुकान. पाटीवर कन्नड, त्याखाली इंग्रजी,
त्याखाली पांढऱ्या रंगाचा पातळ हात
ज्यातून मराठीची वेलांटी अजून डोकावते.
वॉचमन विचारतो, एन बेकु?
ग्लेंडा मोडक्या कन्नडात सांगते, इथे नाच व्हायचे.
अजून होतात, तो म्हणतो, उंदरांचे.

बाबा म्हणायचे,
गल्लीत समेवर टाळी पडते.
कॅम्पात माणसं सम यायच्या आधीच हलतात,
जिना उतरताना एक पायरी गाळावी
आणि पडू नये, तशी.
मी तेव्हा पेटीच्या क्लासला जायची.
मास्तर ओरडायचे, तुला कसली घाई!
घरी येऊन सांगितलं तर बाबा
टॉवेलात तोंड खुपसून हसत बसले.

हॉल मोडला तेव्हा नाचाची सागवानी जमीन
वखारवाल्यानं वजनावर नेली.
चार फळ्या मुजावरच्या बेकरीत आल्या,
काउंटर म्हणून.
काय बघूलालाय बाई, तो विचारतो,
आणि सांगितल्यावर खारीच्या बरण्या सरकवून देतो.
पिवळ्या दिव्याखाली फळीभर बारीक चंद्रकोरी.
टाचांच्या.
ग्लेंडा एकीवर बोट ठेवते. मम्मी, म्हणते.
मग म्हणते, कुणीही.

मागे त्याचा पोरगा पाव कापतोय.
सुरी, सुरी, सुरी,
फोन वाजतो, पोरगा वळून बघतो,
आणि चौथा घाव उशिरा पडतो.
माझी चप्पल आपोआप हलते.
ग्लेंडा बघते, काही बोलत नाही,
चार पाव जास्तीचे घेते.

परतताना रेल्वेचं गेट पडलेलं.
लांबलचक मालगाडी, लोखंडाची भुकटी भरलेली,
गोव्याच्या दिशेनं.
रिक्षावाले इंजिन बंद करून जांभया देतायत.
ग्लेंडा गेटच्या दांड्यावर बोटांनी काहीतरी वाजवतेय,
पावाची पिशवी तिच्या कोपरावर झुलतेय.
शेवटचा डबा जातो. लाल दिवा लहान होत जातो.
दांडा अजून आडवाच,
आणि आम्ही दोघी, साठीच्या बायका,
पाऊल उचलतो.