हातचा एक

जुलै म्हणजे इथे हिवाळा.
डनीडनच्या आमच्या खोऱ्यात, आमच्या बाजूला,
ऊन साडेअकराला येतं, दीडला जातं,
कोट न काढताच उठणाऱ्या पाहुण्यासारखं.

फ्रिजवर चुंबकाखाली कागद:
वीज निम्मी निम्मी.
लाकडं मी विकत घेईन, तो फोडेल.
दूध ज्याच्या हातून संपेल त्यानं आणायचं.
इंटरनेट त्याचं, कारण मला लागत नाही.
(लागतं. बोल्सचे निकाल बघायला.
पण ते कागदावर कशाला?)

सेमीसी टोंगाचा. पोर्ट चामर्सच्या धक्क्यावर
रात्रपाळीला कंटेनर हलवतो.
एवढा थोरला माणूस, पण दार ओढून घेतो
तर कडीलासुद्धा कळत नाही.
भाडं दर गुरुवारी, पाकिटात.
पाकीट मात्र परत मागून घेतो.
एप्रिलपासून तेच पाकीट.

जूनचं बिल आलं.
नोएलीन होती तोवर बिलं तीच बघायची,
मी फक्त "बाप रे" म्हणायचो.
आता कंपनी अर्ध्या अर्ध्या तासाचा आलेख पाठवते.
रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत
एक सपाट रेघ, तळापासून बोटभर वर.
रोज. रविवारीसुद्धा.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी.
आरशात न बघता सांगायचो
मागच्या बाकावर कोण काय करतंय.
म्हटलं, हा हीटर चालू ठेवून कामाला जातो.
रिकामी खोली ऊबदार,
आणि निम्मे पैसे माझे.

तांबड्या पेनानं रेघ अधोरेखित केली,
कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला.
त्यानं आधी ताट संपवलं. मग कागद वाचला.
मग मला त्याच्या खोलीत नेलं.
हीटर खोक्यात होता.
खोक्यावरची चिकटपट्टीही निघालेली नव्हती.

मी "बरं" म्हणालो.
दुसरं काही सुचलं नाही.

मग आम्ही दोघं घरभर हिंडलो,
दिसेल त्याला हात लावत, तापाचं पोर तपासावं तसं.
टीव्ही गार. धुण्याचं यंत्र गार.
पाण्याची टाकी कोमट, पण ती असतेच.
साडेनऊ झाले होते, त्याला निघायचं होतं,
बूट घातलेले होते, तसाच तो
माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबला
आणि बोट दाखवलं.

पलंगाच्या डाव्या अंगाला
नारिंगी दिवा, वाटाण्याएवढा.
विजेची चादर. तिला दोन बटणं, दोन बाजूंना.
माझं बंद. मला घाम येतो.
तिचं तीनवर.

बातम्या संपल्या की मी ते लावतो.
तिचे पाय बर्फासारखे असायचे,
गादी आधी तापलेली नसली
तर ते माझ्या पोटऱ्यांना चिकटवायची.
फेब्रुवारीत गेली ती.
हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

सेमीसी काही बोलला नाही.
गादीवर तळवा ठेवून उभा राहिला जरा.
मग पाळीला गेला.

रात्री हिशोब मांडला.
महिन्याचे आठ डॉलर चाळीस.
तीन महिने, पंचवीस वीस.
त्याचा वाटा बारा साठ.
बेरीज मला येते,
हातचा कुठे ठेवला होता तेवढं आठवत नव्हतं.

सकाळी तेरा डॉलर टेबलावर ठेवले.
वाटलं, नको म्हणेल.
म्हणाला नाही.
दोन दोनदा मोजले, पाकिटात घातले,
आणि वीस सेंटची दोन नाणी
माझ्याकडे सरकवली.
क्षणभर राग आला.
मग कळलं, दया दाखवली असती
तर मी त्याला खोली सोडायला सांगितली असती.

फ्रिजवरच्या कागदावर आता
शेवटी एक ओळ जास्त आहे, माझ्या अक्षरात:
डावी बाजू, माझ्या खात्यावर.

आणि खाली, त्याच्या अक्षरात, पेन्सिलनं:
इंटरनेट, निम्मं निम्मं?

बातम्या नऊला संपतात.
दोनवर ठेवतो हल्ली.