कूलर बंद करून

मोर्शीच्या डीलरकडं टाकी गुरुवारीच मिळते.
भरलेली देतो, रिकामी घेतो,
दर वेळी विचारतो, "साहेब नाही आले?"
साहेब नाहीत. मीच आहे.
सकाळी गावचं पोस्ट सांभाळते,
तीन वाजल्यानंतर लोखंड.

टाकी संत्र्याच्या पिकअपमधून येते,
क्रेटच्या मधोमध, उभी,
दोन वेढे दोरी घालून.
ड्रायव्हर म्हणतो, "मॅडम, फुटन का हे?"
मी म्हणते, टोपी घट्ट आहे. तू खड्डे पाहा.

आर्गॉनला तसं काहीच येत नाही.
जळत नाही, जाळत नाही,
कुणाशी सोयरीक नाही.
वितळलेल्या लोखंडाभोवती नुसता उभा राहतो,
बाळंतिणीच्या बाजेला लुगड्याचा आडोसा करावा तसा,
हवेला म्हणतो, थांब जराशी.
लोखंड गोठलं की निघून जातो.
त्यात घरचा नळकांडीभर दुसरा गॅस मिसळलेला,
त्याचा हिशोब डीलरलाच माहीत.

मे महिना. पारा सेहेचाळीस.
आणि मला कूलर बंद करावा लागतो.
दार लोटायचं, खिडकीला पोतं,
कारण वाऱ्याची एक झुळूक आली
की जोडाला जाळी पडते.
अनारशाला पडली तर चार बाया कौतुक करतात.
इथं घासून पुन्हा.

रेग्युलेटरवर दोन काटे:
उरलं किती, आणि जातंय किती.
मी पोस्टाची बाई, मला पहिलाच आवडतो.
टाकीचं पासबुक केलंय, तारीखवार.
काटकसर म्हणून एकदा आठ लिटरवर आणलं,
जाळी.
रागानं अठरावर नेलं,
तरी जाळी.
जोरात सोडला की गॅसच वारा होतो.
हे पासबुकात कुठल्या रकान्यात लिहावं, कळलं नाही.

एका रात्री व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला.
सकाळी दोन्ही काटे झोपलेले.
ना वास, ना आवाज,
अख्खी टाकी घरातून उठून गेली
आणि मी भिंतीपलीकडं घोरत होते.
मग निरम्याचं पाणी, जुना दाढीचा ब्रश,
सांध्या-सांध्याला फेस.
नळीच्या नटापाशी एकच बुडबुडा,
फुगत होता, सावकाश,
कुणी डोळा उघडावा तसा.

परवाच्या रविवारी बगळा करत होते.
मान मोडक्या विळ्याची, पंख पत्र्याचे,
पाय सळईचे, त्यातला एक जोडला
आणि काटा शून्यावर.
गुरुवार चार दिवस लांब.

युनूसभाई सोडावाले दारात बसून पाहत होते.
म्हणाले, "बगळा तं एका पायावरच उभा रायते, बाई.
काहून जीव जाळता?"
मी हसले नाही.
मग ते उठले, गाडीवरून आपली टाकी उतरवली,
लिंबू-सोड्याची, पोटावर गंज आलेली,
काट्यासकट.
"हाही गॅसच हाय. चालते का पाहा."

आटी जुळेना. त्यांनी पितळेची जोडणी शोधली,
मी टेफ्लॉनची पट्टी.
किती सोडायचा याला मोजमाप नाही,
नळी गालाजवळ धरली
आणि अंदाज केला, दुधाचा ताप पाहतात तसा.
गॅस अडाणी. तडतड मोहरीसारखी,
बाहीवर तीन भोकं.
पण जोड बसला. काळा, खडबडीत, बसला.

मुखवटा वर केला तर
युनूसभाई टाकीकडं बोट दाखवत होते.
रेग्युलेटरवर बर्फ.
बाहेर डांबर पाघळत होतं
आणि पितळेवर पांढरा, भुरभुरीत,
नखानं खरवडला तर निघणारा बर्फ.
त्यांनी थोडा कपाळाला लावला.
मी मनगटाला.
कुणीच काही बोललं नाही.
संपला तेव्हा हसू आलं.

पासबुकात नोंद:
रविवार. जमा, सोडा गॅस, युनूसभाई यांजकडून.
वजन माहीत नाही.
परतफेड: गाडीच्या मागच्या चाकाचा तुटका स्टँड,
गुरुवारनंतर.
बगळा दोन पायांवर. थोडा उजवीकडं कलतो.

मग कूलर लावला.