सात, शून्य, शून्य

चौथ्यांदा तेच: परवानगी नाकारली.
किल्ली पुन्हा तपासली. तीच आहे.
अर्धी माझ्यापाशी, अर्धी तिकडे,
पायसांदूला, आईच्या फ्रिजवर,
बिजागरी तुटलेल्या जुन्या लॅपटॉपात,
ज्याला मी सर्व्हर म्हणते
आणि आई म्हणते, तुझं ते घुंघुं.

मोन्तेविदेओत जुलै.
खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलंय, तरी बोटं गार.
मधमाश्यांच्या पेट्यांचं वजन सांगणारा माझा कोड
दोन किलो जास्त सांगत होता.
चूक सापडली, दुरुस्ती झाली,
आता ती ठेवायची कुठे,
घरच घेत नाहीये.

त्याला जास्त बोलतं केलं. आणखी जास्त.
पडद्यावर ओळीवर ओळ:
ही किल्ली पुढे केली.
ही पण केली.
मग पलीकडून दार लोटल्यासारखं काही, आणि संपलं.
बाहेरच्याला दार कारण सांगत नाही.
कारण आतल्या बाजूला लिहिलेलं असतं.

आणि पासवर्डची वाट
मीच बुजवली होती, मार्चमध्ये,
फार शहाणपण सुचलं होतं त्या रात्री.

म्हणून आई स्टुलावर. वय एकाहत्तर.
फोन खांद्यात, चष्मा कपाळावरून खाली.
"पासवर्ड?"
"चुंबोचं नाव, आणि तो गेला ते साल."
जरा वेळ नुसता फ्रिजचा आवाज.
"तेरा ना?"
"चौदा."
"तेरा. चौदाला मी त्याचा पट्टासुद्धा देऊन टाकला होता."
तिचंच बरोबर असणार.
पासवर्ड मात्र चौदाच होता.

नोंदवहीची शेवटची ओळ तिने वाचली,
आपल्या स्पॅनिश जिभेने, सगळी अक्षरं उच्चारत,
जणू औषधाच्या बाटलीवरचं वाचतेय.
पहिलाच शब्द: बाद.
पुढचं मी ऐकण्याआधीच ओळखलं.

घर सताड उघडं आहे, असं लिहिलं होतं.
कोणीही यावं, काहीही लिहावं, खोडावं.
ज्या यादीत माझं नाव आहे
ती यादीही त्याच उघड्या घरात,
मग तिच्यावर भरवसा कोणी ठेवायचा?
किल्ली खरी. यादी खरी. तरी नाही.

"फेर्मीन," मी म्हटलं.
ईस्टरला आला होता, जुळ्यांचे फोटो ठेवायला.
जागा मिळेना, तेव्हा कुठूनतरी शिकून
तीन सात ठोकले,
सगळ्यांना सगळं.
त्याचा स्वभावच तो.

"म्हणजे," आई म्हणाली,
"घर उघडं आहे म्हणून तुला आत घेत नाही?"
"हो."
"माझी किल्ली चाळीस वर्षं जिरेनियमच्या कुंडीखाली आहे.
अख्ख्या गल्लीला ठाऊक.
आपल्या दाराने कधी कोणाला नाही म्हटलंय?"

यावर माझ्याकडे आज्ञा नव्हती.
तिला एकेक अक्षर सांगितलं,
रिकामी जागा कुठे सोडायची तेही.
"सात," मी म्हटलं. "सात," ती म्हणाली.
"शून्य."
"कोणासाठी शून्य?"
"शेजाऱ्यांसाठी."
"आणि दुसरं?"
"उरलेल्या जगासाठी."
कळ दाबायला तिने वेळ घेतला.
माझी गल्ली मोजत असावी.

पाचव्यांदा किल्ली पुढे केली.
काही बोललं नाही. नुसतं आत घेतलं.
दोन किलो दुरुस्ती
नदीकाठच्या घरी पोचली, रात्री अकरा वीस.

"झालं?"
"झालं. उतर आता, हळू."
"आणि फेर्मीनचे फोटो?"
"त्याला वेगळा कप्पा करून देते."
"कुठे?" ती म्हणाली, "फ्रिजवर आता जागा नाही."

स्टूल सरकल्याचा आवाज.
मग फ्रिजचं दार उघडलं,
बराच वेळ उघडंच राहिलं.