कानशीचा एक घास

कळमन्याच्या वाटेवर, पिवळ्या नदीच्या अलीकडे
फारूकशेठच्या भंगारात
मी नवा होतो तेव्हा
चकाकेल ते सगळं मला स्टील वाटे.

दुर्पताबाई शिकवत वगैरे नसे.
फुटक्या स्पीकरचं चुंबक सुतळीनं गळ्यात,
मांडीखाली कानस.
नळ तळहातावर तोलायची, फरशीवर एकदा वाजवायची
आणि फेकायची:
पितळ. पितळ. जस्त. पितळ.
दिसायला चारी सख्खे भाऊ.

मी म्हणायचो, चुंबक तर खोटं बोलत नाही ना?
'नाही बोलत. पण अर्धंच बोलते.
निकल जाड चढवला असंन
तं पितळेलेबी जराक ओढते, मंग सोडते.
ओढते थे नको पाहू. सोडते थे पाहा.'

मार्चात जुने कूलर येत,
बूड सडलेलं, जाळीत वाळ्याच्या काड्या तशाच.
जस्ती पत्रा ती कटरखाली जाऊ देत नसे.
'धूर गोड लागते बाप्पा,
अन् रातच्याले हुडहुडी भरते.'
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
चार गोधड्या घातल्या होत्या तिनं एकदा नवऱ्यावर.

मग एक दिवस तारेचे दोन गठ्ठे आले.
सोललेली, लालभडक.
आणणारा निळकंठ, तिचा सख्खा भाचा.
काट्यावर साडेसतरा किलो.
मी चुंबक लावलं. हललं नाही.
तांबं, मी म्हणालो, जरा मोठ्यानंच.

बाईनं गठ्ठा उचलला, ठेवला.
परत उचलला.
एक टोक ओढून
कानशीचा एक घास दिला.

'पांढरी हाय,' ती म्हणाली.
निळकंठकडे पाहिलं नाही. शेठकडेही नाही.

अॅल्युमिनियमच्या भावानं हिशेब झाला.
निळकंठनं नोटा न मोजता खिशात कोंबल्या
आणि लुना बराच वेळ चालू झाली नाही.
आम्ही सगळे कामात होतो.

सहाला तिनं हात धुतले, निरम्यानं, कोपरापर्यंत.
मग माझ्याकडून फोन लावून घेतला.
'निळ्या, भरीत केलं हाय. आठ वाजता ये.
मी वाट नाही पाहत, ताट वाढून ठेवतो.'
पलीकडून काय आलं ते मला कळलं नाही.

कानशीच्या दातांत चुरा अडकला होता,
लाल चिमटीभर, बाकी पांढराच.
खिळ्यानं ती एकेक दात कोरत बसली.
फेकून देऊ? मी विचारलं.
'डब्बीत टाक,' ती म्हणाली.
'थोबी विकते.'