सीटखालचा स्विच

होटगी रोडच्या मैदानावर मशीन
सकाळपासून अडून बसलंय.
इरेश म्हणतो, "चालू होलालंय मामा,
पन पातं लावलं की मरलालंय."

मी लगेच बॉनेट उघडत नाही.
आधी ऐकतो.
सव्वीस वर्षं मागावर जॉबरकी केली
की कान हाच पहिला पाना होतो.

बॅटरी साडेबारा. ठीक.
टर्मिनलवर हिरवट बुरशी होती,
सोड्याच्या पाण्यानं धुतली, वर बोटभर ग्रीस.
फ्यूज शाबूत.
प्लगवर काजळी.
एअर फिल्टर टायरवर आपटला
तेव्हा अख्खा मे महिना खाली पडला.

तरी पातं लावलं की मरतंच.

"बस," म्हटलं, "नुसता बस सीटवर."
इरेश बसला. अठ्ठेचाळीस किलो,
त्यात बुटांचं वजन धरून.
त्याच्या आधी इथं सिद्रामप्पा बसायचे,
ते बसले की मागची चाकं अर्धा इंच चपटी व्हायची.

सीटखाली एक स्विच असतो.
माणूस बसला की दबतो,
माणूस उठला की इंजिन बंद करतो.
पडलेल्याच्या अंगावरून पातं फिरू नये,
एवढंच त्याचं काम.
सीट जुनी, स्प्रिंग ताठ,
आणि ती अजून सिद्रामप्पांची वाट बघतेय.
मशीनच्या हिशेबात
सीटवर कोणीच नाही.

इरेश वाकून दोन वायरी दाखवतो.
"जोडून टाका की. कॉलेजवरच्या मशीनला तसंच केलंय."
सोपं आहे. दोन मिनिटं,
आणि चार बोटं चिकटपट्टी.

माझ्या उजव्या हातानं मोजली
तर थोडी कमी भरेल.

अशोक चौकामागच्या कारखान्यात
मागाच्या गिअरवर जाळी होती.
मालकानं नव्हती काढायला लावली.
मीच काढली.
दर वेळी उघडा, लावा, उघडा;
पाळीला एखादी चादर जास्त निघावी म्हणून.
निघालीसुद्धा, सात महिने.
त्या दिवशी मागावर होती तीही विकली गेली.
लालच होती ती.

हे इरेशला सांगितलं नाही.
"वायरीला हात लावायचा नाही," एवढंच बोललो,
आणि सीटचे चार नट सोडले.
स्प्रिंगचे दीड वेढे कापले,
पॉलिश पेपरनं काँटॅक्ट घासले.
तो परत बसला.
टिक्.
इतका बारीक आवाज,
पण आम्ही दोघांनी ऐकला.

आता मशीन उघडंच आहे तर सगळं बघू.
डेकच्या पोटात गवताचा थर,
वाळलेल्या शेणासारखा, खरवडून काढला.
पट्टा उसवलेला.
कंपनीचा यायचा तर आठ दिवस;
मी येमूलच्या दुकानातून मागाच्या मोटरचा आणला,
मापाला तंतोतंत.
येमूल म्हणाला, माग भंगारात गेले,
पट्टे तेवढे राहिलेत, घेऊन जा.

पात्यांना धार लावली.
धारेपेक्षा तोल महत्त्वाचा:
भिंतीत खिळा, खिळ्यावर पातं,
जी बाजू झुकेल तिकडून कानस.
दुपारचा दीड वाजला तेव्हा ते
आडवं थांबलं, कुणाचीच बाजू न घेता.

टँकर आला, हिरवळीला पाणी लागलं.
आमच्या पेठेत उद्या येईल,
आज पाचवा दिवस.
त्यावर कुठला पाना चालत नाही.

ऊन उतरल्यावर इरेश निघाला.
पातं लागलं, इंजिन टिकलं.
गवताचा कच्चा वास मैदानभर.
मी डबा सोडला, भाकरीवर शेंगाचटणी घेतली,
आणि मशीन मेलं.

घास तसाच धरून उठलो.
मैदानाच्या मधोमध इरेश
सीटवरून अर्धा उभा, पुढं वाकून काही बघतोय.
उतरला. चाकापासून हातभर अंतरावर
गवतातून काहीतरी उचललं,
आणि उन्हात वर धरून मला दाखवलं.

माझा तेरा नंबरचा पाना.