मंगळवारी दगड, शुक्रवारी इतिहास

कुडचड्याच्या शाळेत संध्याकाळी साडेसहाला
आमचा वर्ग भरतो, चौथीच्या बाकांवर.
गुडघे मावत नाहीत.
सांतान पाय बाहेर सोडून बसतो, बार्जच्या कडेला बसायचा तसा,
आणि पंधरा मिनिटांत त्याचा डोळा लागतो.
फी दोनशे, वयाची अट नाही,
असं पालिकेच्या फळ्यावर होतं.
मी ते दोनदा वाचलं.
अट नसलेलं काही
एकसष्ट वर्षांत हाती आलं नव्हतं.

निशाद सर भूगर्भ शिकवतात.
मी अंगणवाडीत मदतनीस होते तेव्हा
हाच निशाद उसळीतले मूग एकेक वेचून
चटईखाली लपवायचा.
आता हजेरी घेतो. माझ्या नावाशी
दर वेळी अडखळतो, "सुलक्षा... मावशी."
"हजर, सर."
वर्ग हसतो. सर लाजतात. मी नाही.

मंगळवारी त्यांनी टेबलावर दगड ठेवला,
काळा, हातात धरला की मनगट वाकवणारा,
आणि फुटक्या लादीचा तुकडा, उलटा.
"घासा."
घासला.
काळ्या दगडानं तांबडी रेघ ओढली.

ही रेघ मी ओळखते.
ओळखते म्हणजे काय, वीस वर्षं धुतलीय
ह्यांच्या शर्टांच्या कॉलरींतून,
सोड्यानं, लिंबानं, शेवटी नुसत्या रागानं.
मोरीचं पाणी तांबडं, दारच्या आंब्याची पानं तांबडी.
शर्ट विरायचा, डाग नाही.
आम्ही त्याला धूळ म्हणायचो.

सर म्हणाले, हा गंज आहे.
अडीच अब्ज वर्षांमागचा.
समुद्र होता, पाण्यात विरघळलेलं लोखंड होतं,
आणि डोळ्यांना न दिसणारे जीव
प्राणवायू सोडायला नुकतेच शिकत होते.
त्यानं समुद्र गंजला,
तळाशी बसत गेला, थरावर थर.
लिगियानं शिवणाच्या टेपशी चाळा करत विचारलं,
"म्हणजे आपण घेतो तो श्वास
गंजून उरलेला?"
सर जरा थांबले. "हो. तसंच म्हणा."
मागच्या बाकावरून फटी वेळीप म्हणाला,
"माझ्या शेतात उतरला तो चिखल एवढा म्हातारा?
आणि मी त्याला काय काय शिव्या घातल्या."

शुक्रवारी इतिहास.
ग्रासियाना मिस म्हणाल्या, घरातली साधनं शोधा,
ताम्रपट, सनद, पत्र, पावती, काहीही.
आमच्याकडे कुठला ताम्रपट!
मी लिहून नेलं:
स्वयंपाकघराच्या दाराआड, जिथे चुना कधी पोचला नाही,
ह्यांनी कोळशानं ओढलेल्या रेघा.
ट्रिपांच्या. चार उभ्या, एक आडवी.
दिवसाला नऊ, कधी अकरा.
धाकट्याला ताप होता त्या दिवशी एकच.
आणि खाण बंद झाली तिथे
शेवटचा गठ्ठा अर्धाच,
तीन उभ्या.
मिसनी खाली लाल शाईनं लिहिलं,
"अस्सल साधन. पुसू नका."

घरी येऊन ह्यांना वाचून दाखवलं.
टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले,
"त्यातल्या दोन ट्रिपांचे पैसे मालकानं बुडवले.
तेही लिही."
लिहिलं.
थोड्या वेळानं उठले, दार ओढून घेतलं,
आणि आत कितीतरी वेळ
बोटानं मोजत उभे राहिले.
भात निवला.

पुढच्या मंगळवारी नदीकाठचा खडक बघायला जायचंय.
टोपी, पाण्याची बाटली, घट्ट बूट.
माझ्याकडे बूट नाहीत.
ह्यांचे आहेत, खाणीवरचे, दोन नंबर मोठे,
शिवणीत अजून तांबडे.
टाचेत वर्तमानपत्र कोंबून
अंगणात दोन फेऱ्या मारल्या.
चालतात.