चवीपुरतं

पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, लोहाच्या गोळ्या
आणि करंगळीएवढी एक बाटली.
मिठावर थेंब टाकायचा.
निळं झालं तर आयोडीन आहे.
पांढरं राहिलं तर
पुढचं बोलायचं माझ्यावर.

मथीबाईंनी चुलीच्या कडेची करवंटी पुढं केली.
करंजाळीच्या बाजारातलं खडेमीठ, मापानं घेतलेलं,
धुरानं पिवळट, वाफेनं ओलसर,
त्यांच्या सासूच्या काळापासून असंच उघडं.
सुगंधा दाराशी नागलीचं पीठ चाळत होती.
तिसरा महिना, कुणाला सांगायचा नाही असा,
सगळ्या पाड्याला ठाऊक असा.

थेंब टाकला.
तिघी वाकून बघत राहिलो,
दूध वर यायची वाट बघतात तसं.
पांढरं ते पांढरंच.

मग मी नाशिकला शिकवलेलं बोलले.
जिल्हा परिषदेच्या हॉलमध्ये, करकरत्या पंख्याखाली,
मॅडमनी पडद्यावर मेंदू दाखवला होता, गुलाबी.
अक्रोडासारखा, असं आम्ही सगळ्या म्हणालो,
आणि अक्रोड पाहिला होता फक्त दोघींनी.

म्हणाले, काळी पोत गळ्याला टेकते ना,
तिथं आत एक गाठ असते, कामाची.
पोटातल्याची गाठ अजून कामाला लागली नाही.
तोवर त्याचा मेंदू विणला जातो
तो सुगंधाच्या गळ्यातून, टाका टाका.
आणि त्याला लागतं किती?
उभ्या जन्मात चमचाभर.
पण रोज.
उद्या एकदम देऊन चालत नाही.
कालचं तर नाहीच.

मथीबाई अंगणाकडं बघत ऐकत होत्या.
अंगणात लहानू शेळ्या सोडत होता,
सव्वीस वर्षांचा. दर शेळीमागं एक खडा खिशात.
संध्याकाळी एकेक आत आली की एकेक खडा टाकायचा,
खिसा रिकामा झाला की शेळ्या पुऱ्या.
शाळेत पहिलीतच तीन वर्षं बसला, मग बसलाच नाही.
पण शेळी आजारी पडायच्या आधी
त्याला कळतं.

"याच्या वेळीही हेच मीठ होतं," त्या म्हणाल्या.
प्रश्न नव्हता तो.
मग झाला.
"म्हणजे माझ्याच हातानं?"

वहीत या ओळीसाठी रकाना नाही.
तक्त्यावर पांढरं, फिकं, निळं, एवढंच.
एका माणसाचं असं उलटं मोजत जाता येत नाही.
जन्मल्यावर उशिरा रडला म्हणून, कदाचित.
दुसऱ्या वर्षीच्या तापानं, कदाचित.
"माहीत नाही, मावशी," मी म्हणाले,
"आता डॉक्टरलाही सांगता यायचं नाही."
खोटं नव्हतं ते.
पुरलं मात्र नाही.

त्या करवंटी हातात धरून बराच वेळ बसल्या.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मिठानं कुणाला जागायचं
ते कुणी म्हणत नाही.

पुढच्या फेरीला फळीवर झाकणाची बरणी,
चुलीपासून लांब, आत पुड्याचं मीठ.
"कालवण उतरवलं की मग टाकते,"
मी विचारायच्या आधी मथीबाईंनीच सांगितलं,
"उकळत ठेवलं की उडून जातं ना ते."
जसं काही मला शिकवत होत्या.
थेंब टाकला.
निळा, जांभळ्याकडं झुकलेला,
वांग्याच्या फुलाचा असतो तसा.
लहानू शेळी काखेत घेऊन वाकला, हसला,
"परत कर," म्हणाला.
बाटली जपून वापरायची असते.
परत केलं.

निघताना कोनाड्यात तीच करवंटी दिसली, भरलेली.
"हे टाकलं नाही अजून?"
"बाळाची दृष्ट काढायला ठेवलंय.
त्याला लागतं का गं तुझं आयोडीन?"

नाही म्हणाले.
एवढं मात्र मला नक्की माहीत होतं.